गाडी जुनीच राहू द्या!

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलते, लिहायचा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको.

विषय निघाला होस्टेलच्या गच्चीवर. रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवरून मुंबईच्या श्रीमंतांच्या स्पोर्ट्स कार पुण्याकडे जातात, हे खालापूर-कर्जत भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो आणि मेसमधला चहा अर्धा टाकून अर्धं होस्टेल कठड्याला लटकतं. त्या दिवशी तसंच झालं आणि मग गाड्यांवरून गप्पा सुरू झाल्या. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावला. एका गोठ्यात पन्नास वर्षं पडलेली जुनी स्पोर्ट्स कार सापडते, वीस मिनिटांत ती आरशासारखी चकचकीत होऊन बाहेर येते. सगळे "वा, वा!" मी म्हटलं, "वाट लावली गाडीची." झालं! तेव्हापासून माझं नाव 'गंजप्रेमी' पडलंय. हा लेख म्हणजे त्या नावावरचा माझा खुलासा समजा.

मला हे सुचलं ते आमच्या घरच्या गाडीमुळे. आजोबांची फियाट 1100 डिलाइट, 1968 सालची, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. ही काही स्पोर्ट्स कार नाही, हसू नका. पण आमच्या खोपोलीच्या गल्लीत एके काळी तीच फेरारी होती. आजोबा तिचे तिसरे मालक. आधी मुंबईचे एक डॉक्टर, मग इथल्याच एका कारखान्यातले साहेब, मग आजोबा. जुन्या आरसी बुकात तिघांची नावं तीन वेगवेगळ्या शाईत आहेत. बॉनेटवर नारळ पडून आलेला पोचा होता. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर लिहिले होते. बारीक अक्षरात, ओळीने, 1974 पासून. मध्येच एके ठिकाणी लिहिलं होतं, "घाटात तापली. पंख्याचा पट्टा." आणि एके ठिकाणी फक्त "मुलगी झाली", म्हणजे माझी आत्या. त्या दिवशीसुद्धा आजोबांनी ऑइल बदललं होतं की काय, देव जाणे.

2019 मध्ये मी शाळेत असताना बाबांनी आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून गाडी गॅरेजला दिली. गॅरेजवाले काका म्हणाले, "नवीकोरी करून देतो." आणि खरंच केली. सगळा पत्रा घासून मेटॅलिक लाल रंग, आतून नवीन रेक्झिन, जुनं इंजिन काढून डिझेल इंजिन, "अॅव्हरेज देईल, साहेब." ग्लव्ह बॉक्सचं झाकणही आतून-बाहेरून लाल! आजोबा गाडीत बसले, पहिल्यांदा त्यांनी ते झाकण उघडलं. मग बंद केलं. "छान केलीय," म्हणाले. त्यानंतर त्यांनी ती गाडी चालवली नाही. गुडघे दुखतात, हे कारण सांगायचे.

यात गॅरेजवाल्या काकांची चूक नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं. बाबांनीही प्रेमानेच केलं. चूक आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या समजुतीची आहे. जुनी वस्तू जपणं म्हणजे ती नव्यासारखी करणं, असं आपण धरून चाललोय. देवळांचे जीर्णोद्धार बघा ना. चांगल्या काळ्या दगडाला ऑइल पेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. भक्ती खरी असते हो, पण दगड जातो तो जातोच.

या लेखासाठी मी 'रिस्टोरेशन'ला मराठी शब्द शोधत होते. नूतनीकरण म्हणजे तर नवं करणं, तो बाद. जीर्णोद्धारातही उद्धाराचा जोर जास्त. शेवटी आजी म्हणाली, "अगं, डागडुजी म्हण." मला हा शब्द फार आवडला. डागडुजी करणारा माणूस घर पाडत नाही. गळतंय तिथलं कौल बदलतो, बाकीच्याला हात लावत नाही.

बाहेरच्या देशांत जुन्या गाड्यांवर कोट्यवधी खर्च करणारे लोक आता याच मताचे झालेत, हे मला नंतर कळलं. पूर्वी तेही घासून-पुसून नवी करायचे. आता जिचा मूळ रंग शिल्लक आहे, मूळ सीट आहे, इंजिन आणि चॅसिसचे नंबर जुन्या कागदांशी जुळतात आणि पहिल्या मालकापासून आजपर्यंत कोणाकडे होती हे सलग सांगता येतं, त्या गाडीला मान जास्त. जुन्या वाहनांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे. तिचा ट्युरिन चार्टर म्हणून एक जाहीरनामा आहे. त्याचा सूर साधारण असा: आधी जपा, दुरुस्त करावं लागलं तर कमीत कमी करा, नवीन घातलेला भाग ओळखू येऊ द्या आणि काय केलं ते लिहून ठेवा. म्हणजे आजीची डागडुजीच, फक्त टायवाल्या लोकांनी लिहिलेली.

आता एक मजेशीर कोर्ट केस. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटले स्पीड सिक्स ही रेसिंग कार फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळी वुल्फ बार्नाटो चालवायला होता (जोडीदार वेगवेगळे). पुढे तिच्यात मोठं आठ लिटरचं इंजिन आलं. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला भीषण अपघात झाला, त्यात ड्रायव्हर क्लाइव्ह डनफी गेला. मग ती पुन्हा बांधली, या वेळी बंद टपाची. 1990 मध्ये तिच्या मालकाने, हबर्ड यांनी, ती एका कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचा सौदा केला. ऐन वेळी कंपनी म्हणाली, ही ती गाडीच नाही, हिच्यात 1929 चं आहे काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. तपासलं तेव्हा 1930 च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं केसिंग आणि स्टिअरिंग कॉलम, एवढंच सापडलं. तरी न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल दिला की गाडी अस्सल आहे. कारण एक गाडी मोडून तिच्या नावाने दुसरी उभी केली, असं कधी झालंच नाही. एकच गाडी शर्यतीच्या गरजेप्रमाणे थोडी थोडी बदलत गेली आणि तिचा इतिहास कुठे तुटला नाही.

हे वाचून मी बाबांना फोन केला. बाबा खूश! "बघ, म्हणजे आपली फियाटपण अस्सलच." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. बेंटलेचे बदल हाच तिचा इतिहास होता, ती त्यासाठीच जगली. आमच्या फियाटचा इतिहास त्या झाकणावर पेन्सिलीने लिहिलेला होता आणि आम्ही तो एका दुपारीत पुसला. शिवाय आपला कायदा ओटन साहेबांइतका दिलदार नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे डिझेल फियाट आउट. तिचं ओरिजिनल म्हणावं असं आता एकच राहिलंय, कपाटातलं आरसी बुक.

असो. घरचं रडगाणं पुरे. मुद्दा आपल्या शेजारचा आहे, म्हणजे नेरळचा.

माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे आपल्या तालुक्याची क्लासिक स्पोर्ट्स कार रुळांवर असणार हे ओघानेच आलं. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांवर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात नेरळ-माथेरान लाइन बांधली, सोळा लाख रुपयांत. दोन फुटी रूळ, जवळपास एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीसला एक आणि वळणं साठ फूट त्रिज्येपर्यंतची. साठ फूट म्हणजे किती? आपल्या वर्कशॉपची लांबी डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या दोरीने काढलेल्या वर्तुळावर आगगाडी वळवायची!

सहा चाकांचं साधं इंजिन या वळणात अडकेल, कारण तिन्ही अॅक्सल एकमेकांना समांतर, घट्ट. इथे खरी मजा आहे. सेकंड इयरला 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये केटी घेतलेल्यांनीही वाचावं. बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावरून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने माथेरानसाठी चार इंजिनं बनवली. त्यांत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला क्लिन-लिंडनर पद्धत वापरली. आत एक भरीव अॅक्सल, त्याला बाहेरून कपलिंग रॉड जोडलेला. त्याच्यावर एक पोकळ नळीसारखा अॅक्सल, आणि चाकं या नळीला. दोघांचा सांधा फक्त मधोमध, बॉल जॉइंटसारखा. आतला अॅक्सल सरळच राहतो आणि ताकद पोचवतो. बाहेरची नळी वळणाप्रमाणे तिरकी होते, थोडी आजूबाजूला सरकते. म्हणजे चाक फिरवायचंही आणि वळवायचंही, गिअर नाही, साखळी नाही. आज आपण मोटारीत याच कामाला सीव्ही जॉइंट वापरतो. (हेच कॅलथ्रॉप साहेब पुढे पॅराशूट बनवायला लागले. घाटातली वळणं बघून सुचलं असेल, असा माझा अंदाज. खरा धरू नका.)

ही इंजिनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाफेवर घाट चढली, मग डिझेल आलं. मालकी तोवर पीरभॉय घराण्याकडून सरकारी रेल्वेकडे आली होती, आज लाइन मध्य रेल्वेची आहे. चार भावंडांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं. 740 नंबरचं तर थेट इंग्लंडला पोचलं, लेटन बझर्ड नावाच्या गावी. तिथे वाळूच्या खाणींसाठी 1919 मध्ये टाकलेली दोन फुटीच लाइन आहे आणि ती हौशी स्वयंसेवक चालवतात. शनिवार-रविवार निवृत्त मास्तर, बँकवाले, कॉलेजची पोरं येऊन हाताला ग्रीस लावून घेतात. आपल्या नेरळच्या इंजिनाच्या त्या नळ्या आणि बॉल जॉइंट समजून घ्यायला तिथली माणसं सुटीचा दिवस देतात आणि आपण नेरळला लोकल बदलताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. मीपण बसायचे, उगाच शहाणपणा नको.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम उतरले. तिथे छोट्या गाडीचं जुनं इंजिन शोभेसाठी ठेवलेलं आहे. एक काकू नातवाला सांगत होत्या, "हे बघ, झुकझुक गाडी." त्याच आवारात वाफेचं आणखी एक इंजिन असतं, 794 बी. पण ते माथेरानचं नाहीच! ते दार्जिलिंगचं, 1917 मध्ये अमेरिकेत बाल्डविनने बनवलेलं. ओळखायची खूण सोपी आहे, चाकं मोजा. दार्जिलिंगच्या इंजिनाला चारच चाकं आणि पाण्याची टाकी पाठीवर खोगिरासारखी. माथेरानच्या इंजिनाला सहा चाकं. दोघांसोबत सेल्फी काढणाऱ्या शंभर जणांत एकाला तरी हे माहीत असेल का? आणि आपल्या मेकॅनिकलच्या दीडशे जणांत?

गच्चीवर माझ्याशी सगळ्यात जास्त भांडला तो आमच्याच वर्गातला लातूरकर. त्याचं म्हणणं, "लोखंड पळायला बनवलंय. उभं ठेवून हार घालायला ती काय मूर्ती आहे? बॉयलर नवा टाका, पिस्टन नवे टाका, पण घाटात वाफ दिसली पाहिजे." त्याचं बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागतं. बंद पडलेलं मशीन बघून त्याची हालचाल कळत नाही. बॉयलर तर कोणी जुना चालवूच नये, शंभर वर्षांच्या पत्र्यात दाब भरणं हा खेळ नव्हे. पण त्यासाठी मूळ इंजिन का फाडायचं? निलगिरीच्या रेल्वेसाठी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने याच शतकात वाफेची नवी इंजिनं बांधली, जुन्याच नमुन्यावर. आपल्याच रेल्वेच्या लोकांनी, आपल्याच देशात. मग माथेरानसाठी पाचवं भावंड बांधा, त्याच्यावर बनवल्याचं साल ठळक लिहा आणि घाट चढवा. पहिल्या चौघांना आहे तसं राहू द्या. डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवायच्या कल्पना मधूनमधून बातम्यांत येतात. त्या मला बिलकूल पटत नाहीत. आमची फियाट बाहेरून जुनी, आतून डिझेल. हे तेच झालं की!

आणि ही लाइन काही साधीसुधी जागा नाही. 2005 च्या जुलैच्या पावसाने ती उखडली, 2007 मध्ये शताब्दीलाच पुन्हा सुरू झाली. 2016 मध्ये डबे घसरल्यावर बंद, मग पुन्हा सुरू. 2019 च्या पावसाने परत तोडली, पूर्ण लाइन 2022 च्या ऑक्टोबरात जोडली. युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचं नाव आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला कधीच मुख्य यादीत गेल्या. दर वेळी तुटूनही ती जोडली जाते, याचं श्रेय दरडी उपसणाऱ्या गँगमनना आणि रेल्वेच्या इंजिनिअरना द्यायलाच हवं. त्यांनी लाइन राखली. इंजिनाचा प्रत्येक तपशील लिहून काढायलाही त्यांनीच वेळ काढावा, अशी अपेक्षा कशी करायची? ते काम आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचं. (सबमिशनच्या आठवड्यात हे वाचणाऱ्यांनी शिव्या देऊ नयेत.)

म्हणून माझी मागणी रेल्वेकडे नाहीच, आपल्या कॉलेजकडे आहे. दर वर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरतात. कुठून तरी विकत आणलेलं सोलर ग्रास कटर, तेच पेडलवर चालणारं वॉशिंग मशीन. त्याऐवजी एका ग्रुपने नेरळच्या इंजिनाची रीतसर मोजणी करावी. परवानगी काढून, एकही नट न उघडता, एकही ओरखडा न काढता. चाकांचा व्यास, कपलिंग रॉड, क्रँक, फ्रेम. कॅडवर ड्रॉइंग. प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक रिव्हेटचा फोटो. कुठे मूळ रिव्हेट आहे आणि कुठे नंतरचं वेल्डिंग, याचा नकाशा. क्लिन-लिंडनरचं एक लहान चालतं मॉडेल आपल्या लॅबमध्ये. नेरळमध्ये, कर्जतच्या लोको लॉबीच्या आसपास, वाफेच्या काळात काम केलेले आजोबा अजून असतील तर त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन ऐकून घेणं. हे शेवटचं काम सर्वांत आधी करायला हवं. इंजिन थांबेल पाच वर्षं, आजोबा थांबतीलच असं नाही. माझे गेल्या वर्षी गेले. झाकणावर काय काय लिहिलं होतं ते त्यांना विचारून वहीत उतरवायचं, असं मी तीन दिवाळ्या ठरवत होते.

आमच्या एचओडी सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "एक्स्टर्नल विचारेल, यात नवीन काय?" सर, तेच तर म्हणतेय. यात नवीन काहीही नाही आणि म्हणूनच करायचं.

सध्या आम्ही चौघं आहोत, त्यात लातूरकरही आहे. तो म्हणतो, मोजल्याशिवाय पाचवं कसं बांधणार? परवानगीचा अर्ज मराठीत लिहून झालाय, आजीने तपासला. वर्कशॉपच्या सरांकडे मोठा कॅलिपर मागितलाय, ते "बघू" म्हणालेत. अर्ज मंजूर झाला की पहिल्या रविवारी सकाळच्या लोकलने नेरळ. ज्यांना यायचंय त्यांनी मुलींच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. मापं लिहायला पेन्सिल आणा, पेन नको.